सत्तर मिनिटांचे कीर्तन आणि चार तास चाळीस मिनिटे

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, पत्रिकेवर 'स्वतंत्र ध्वनिमुद्रण यंत्र की संगणक?' असा विषय छापला आहे आणि मी त्याचा निवाडा करावा, अशी संयोजकांची अपेक्षा आहे. निवाडा करणारच आहे. पण त्याआधी टेबलावरच्या या आठ ट्रॅकच्या, म्हणजे आठ आवाज वेगवेगळे साठवणाऱ्या, यंत्राची ओळख करून देतो. याचे बटण मी सभागृहात आल्याबरोबर दाबले, कारण चहा होईपर्यंत ते सुरू होईल असा हिशेब होता. दोन काडेपेट्यांनी झाकला जाईल एवढ्या याच्या पडद्यावर 'प्लीज वेट' ही अक्षरे अजून दिसत आहेत. कंपनीचे नाव घेत नाही. इथल्या निम्म्या लोकांच्या माळ्यावर असे एखादे यंत्र असेलच, आणि उरलेल्यांनी ते वेळेवर दुसऱ्याच्या गळ्यात मारले असेल.

2003 मध्ये एका वयोवृद्ध कीर्तनकार बुवांचे सत्तर मिनिटांचे कीर्तन मी याच यंत्रावर मुद्रित केले. बुवांचा मायक वेगळा, पेटीचा वेगळा, तबल्याचे दोन, झांजेचा एक आणि उरलेले मागच्या टाळकऱ्यांचे. मागच्या चातुर्मासात बुवांचा नातू आला आणि म्हणाला, ''काका, साथ नको, फक्त आजोबांचा आवाज द्या.'' मी म्हणालो, ''उद्या घेऊन जा.'' या 'उद्या'ची लाज मला आजही वाटते.

सत्तर मिनिटांचे आठ ट्रॅक म्हणजे जेमतेम तीन जीबी. आजच्या संगणकावर एवढा ऐवज इकडचा तिकडे करायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही. या यंत्राला मात्र बाहेर जायचे दोनच रस्ते माहीत आहेत. एक म्हणजे पोटातल्या सीडी-रायटरवर पाच सीडींचा संच काढणे. पण तो याच जातीच्या यंत्राखेरीज कोणालाही वाचता येत नाही. दुसरा म्हणजे डिजिटल वायरीतून दोन-दोन ट्रॅक वाजवत संगणकाकडे पाठवणे. दोन ट्रॅकना सत्तर मिनिटे, म्हणून आठांना चार तास चाळीस मिनिटे. मध्येच उठून जाण्याची सोय नाही, कारण प्रत्येक फेरीचे बटण हातानेच दाबावे लागते. तेव्हा बुवांचे पूर्वरंग, निरूपण आणि उत्तररंग मी ओळीने चार वेळा ऐकले, आणि त्यातले एक आवर्तन तर निव्वळ तबल्याचे होते!

रात्री सगळे वाजवून पाहिले, तर प्रत्येक ट्रॅकवर थोड्या-थोड्या वेळाने 'टिक' असा आवाज. चूक माझीच होती. आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने धाडणाऱ्या यंत्राच्या घड्याळामागे संगणकाने चालायचे असते; मी संगणकाला त्याच्या स्वतःच्या घड्याळावर चालू दिले होते. दोन्ही घड्याळांत नावापुरता फरक असतो, पण त्यामुळे अधूनमधून एखादा नमुना कमी पडतो किंवा जास्त होतो आणि तिथे टिक उमटते. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार तास चाळीस मिनिटे.

त्यानंतर चार जोड्या एकमेकींशी जुळवणे आले. बटण दर वेळी हाताने दाबलेले असल्यामुळे प्रत्येक जोडीचा आरंभ वेगळा होता. इथे मला तारले ते झांजेच्या पहिल्या ठोक्याने. तो सगळ्याच मायकांत शिरला होता, आणि 2003 मध्ये त्याबद्दल मी झांजकऱ्याला बरेच बोललोही होतो. झांज बुवांच्या मायकापासून दीड मीटरवर होती, म्हणजे ठोका तिथे सुमारे चार मिलिसेकंदांनी उशिरा पोहोचला होता. तेवढी सूट धरून सर्व जोड्या बसवल्या. नातवाने आजोबांचा ट्रॅक ऐकला, डोळे पुसले आणि विचारले, ''पण यात झांज कशी काय ऐकू येते?''

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे: पाच मिनिटे. माझेही पूर्वरंगच लांबले, तेव्हा आख्यान आता उभ्या-उभ्या उरकतो.

मुद्रणाच्या क्षणी हे यंत्र संगणकाला हार जात नाही. 256 नमुन्यांचा बफर, म्हणजे आवाज पुढे धाडण्याआधी साठवून घेण्याची जागा, ठेवला तर संगणकाला आवाज घेतानाच सुमारे सहा मिलिसेकंद लागतात आणि परत सोडताना तेवढेच. गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज चार मीटरवरून आल्यासारखा वाटू शकतो. शिवाय तानपुरा लागत असताना याचा पंखा घुं-घुं करत नाही आणि ऐन समेवर 'अपडेट करू का' असे हे विचारत नाही. ते संथ आहे, ही माझी तक्रारच नाही. आत गेलेला आवाज ते ओलीस ठेवते, ही तक्रार आहे. मिनीडिस्क, म्हणजे आवाज मुद्रित करायची छोटी डबीबंद तबकडी, 1992 मध्ये आली. पण स्वतः मुद्रित केलेल्या जुन्या डिस्कवरचा आवाज वाजवत न बसता थेट संगणकात घेऊ देणारे यंत्र बाजारात यायला 2006 उजाडले. याउलट 1991 पासूनची वेव्ह फाइल, म्हणजे संगणकावर आवाज साठवायची साधी फाइल, आजही कुठेही उघडते. हल्लीचे तळहाताएवढे रेकॉर्डर मेमरी कार्डावर थेट वेव्ह फाइलच लिहितात, म्हणून मला विचाराल तर मुद्रणाला असे स्वतंत्र यंत्र घ्यावे आणि संपादनाला व साठवणीला संगणक. दुकानात ट्रॅक मोजण्याआधी कार्ड काढून फाइल उघडून दाखवायला सांगावे. ज्यांच्याकडे माझ्यासारखा जुना डबा आहे, त्यांनी तो चालतो आहे तोवरच त्यातला ऐवज बाहेर काढावा. यंत्रातली हार्ड डिस्क बंद पडली की ती दोन-दोन ट्रॅकची वाटही बंद होते.

बुवांचा अभंग ऐकवायचा होता, पण यंत्र आत्ता कुठे जागे झाले आहे आणि माझी वेळ संपली. आता ते बंद करताना 'गाणे जतन करू का' असे विचारील, मग डिस्क थांबायला आणखी थोडा वेळ घेईल. तोवर कोणाला प्रश्न विचारायचे असतील तर विचारावेत; आणि मंडपवाल्या मुलाला एवढीच विनंती आहे की त्याने कृपा करून प्लग ओढू नये.