डोंगरावरून दिसणारा धूर

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय एका प्रेमकथेबद्दल. मूकपट आहे, 1910 सालचा, अमेरिकेत काढलेला. नाव ‘रमोना’. सगळी गोष्ट 17 मिनिटांत आटोपते, कारण तेव्हा बहुतेक चित्रपट एका रिळाचे असायचे. एक रीळ म्हणजे सुमारे 1000 फूट पट्टी, फुटाला 16 चित्रं. यंत्राचा दांडा हातानं फिरवायचा, त्यामुळे फिरवणाऱ्याचा हात जड की हलका यावर मिनिट-दोन मिनिटं इकडेतिकडे व्हायची.

दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ, कॅमेऱ्यामागे बिली बिट्झर आणि रमोना झालीय जेमतेम अठरा वर्षांची मेरी पिकफर्ड. पुढे जगभर गाजली ती, पण इथे पडद्यावर तिचं नावच नाही. चित्रपट काढणारी बायोग्राफ कंपनी नटनट्यांची नावं देतच नसे. नाव झालं की पगार वाढवून मागणार, ही धास्ती!

गोष्ट कॅलिफोर्नियातली, तो मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेच्या ताब्यात गेला त्यानंतरच्या काळातली. बड्या स्पॅनिश घरात वाढलेली रमोना, आणि हंगामाला मेंढ्यांची लोकर कातरायला आलेला अलेसान्द्रो. तो तिथला मूळ रहिवासी, गोरे लोक ज्यांना ‘इंडियन’ म्हणत त्यांच्यातला. घरचा मुलगा फेलिपे रमोनावर जीव टाकतो, पण तिचं मन दुसरीकडे. मालकीणबाई अलेसान्द्रोला हाकलतात. मग रमोनाला कळतं की आपल्याही अंगात इंडियन रक्त आहे, आणि ती सरळ घर सोडते. पुढे गोरे लोक त्याचं गाव जाळतात, संसार उठवतात, मूल दगावतं, अलेसान्द्रोला वेड लागतं आणि त्यातच त्याचा खून होतो.

मूळ कादंबरी हेलन हंट जॅक्सन यांची, 1884ची. इंडियन लोकांच्या जमिनी कशा लुबाडल्या हे सरकारी कामानिमित्त हिंडून त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. लोकांनी खवळून उठावं म्हणून त्यांनी ही कथा लिहिली. वाचकांनी केलं काय? प्रेमकथा उचलली आणि अन्याय बाजूला ठेवला. रमोनाचं घर बघायला आगगाडीनं माणसं लोटू लागली. कामुलोस नावाच्या ज्या वाडीवर लेखिका काही तास थांबल्या होत्या, तिथे लोक रमोनाची खोली शोधत यायचे. कादंबरीतल्या पोरीची खोली!

ग्रिफिथ आपली मंडळी घेऊन त्याच कामुलोसला पोचला आणि तसं चित्रपटातल्या पाटीवर लिहूनही टाकलं. कादंबरीच्या हक्कांचे म्हणे 100 डॉलर मोजले. आज चिल्लर वाटेल, पण तेव्हा कादंबऱ्या न विचारताच पडद्यावर यायच्या. ‘बेन हर’ या कादंबरीच्या बाबतीत तसं झालं, खटला गुदरला आणि 1911मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो चित्रपट काढणारी कंपनी हरली.

मला हा चित्रपट आठवतो तो एका दृश्यासाठी. अलेसान्द्रो डोंगराच्या कड्यावर उभा आहे. खाली, खूप खोल दरीत, त्याचं गाव जळतंय. कॅमेरा काही खाली जात नाही. घरं काडेपेटीएवढी, माणसं मुंगीएवढी, वर चढणारा धूर. आणि इकडे जवळ, हात वर फेकून तडफडणारा हा एकटा माणूस. दुसरा कुणी असता तर आधी आग दाखवली असती, मग त्याचा चेहरा. इथे दोन्ही एकाच चौकटीत, आणि मधलं अंतर त्याला काही केल्या ओलांडता येत नाही.

आता एक खुपणारी गोष्ट. उपशीर्षकातच म्हटलंय की ही गोऱ्या माणसानं इंडियनवर केलेल्या अन्यायाची कथा. पण अलेसान्द्रो झालाय हेन्री वॉल्थॉल, गोराच. हातवारेही नाटकी, छाती बडवणं जरा जास्तच. मेरी मात्र मूल गेल्यावर फारसं काही करत नाही, आणि तेच लक्षात राहतं.

चित्रपट शाबूत आहे, इंटरनेटवर सहज मिळतो. वर चिकटवलेलं संगीत नंतरचं असतं, ते बंद करा. आणि कड्यावरचं दृश्य आलं की अलेसान्द्रोकडे बघू नका, तो आपलं लक्ष वेधून घेणारच. खाली दरीत बघा. धुराच्या कडेनं काही ठिपके हलताना दिसतील. ती माणसं आहेत.

नमस्कार.