बोटीचं तिकीट आणि पिवळं कार्ड

नमस्कार श्रोतेहो.

मी पुण्यात गेली पंचवीस वर्षं दवाखाना चालवते आहे. पूर्वी लोक यायचे ते चारधामला निघालो, काही औषधं लिहून द्या म्हणून. आता त्याच घरांतली माणसं येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, क्रूझला चाललोय." मला मनापासून आनंद होतो. घराचे हप्ते, मुलांची शिक्षणं, आईवडिलांची आजारपणं, सगळं निभावून झाल्यावर माणसानं समुद्र बघायलाच हवा. वाईट एवढ्याचंच वाटतं, की ही मंडळी माझ्याकडे येतात ती अगदी निघायच्या आठवड्यात.

अशाच एका जोडप्याची गोष्ट सांगते. काका 63 वर्षांचे, काकू 58 च्या. केनियातल्या मोम्बासाहून बोट, मग टांझानियातलं झांझिबार, पुढे सेशेल्स बेटं. निघायला सहा दिवस उरले होते. काकूंनी पिशवीतून फाइल काढली. पासपोर्ट, व्हिसा, विमा, सगळं ओळीनं लावलेलं. मी विचारलं, "पिवळ्या तापाची लस घेतलीत?" काका म्हणाले, "आम्ही कुठे जंगलात जाणार? बोटीवरच तर राहायचंय. आणि केनियात उतरताना भारतीयांना कोणी विचारत नाही, असं बुकिंग करणाऱ्यानं सांगितलंय."

सांगणारा खोटं बोलला नव्हता. पिवळा ताप हा डासांमुळे होणारा आजार भारतात नाही, म्हणून इथून थेट जाणाऱ्याला केनिया या लशीचं पिवळं कार्ड, म्हणजे प्रमाणपत्र, मागत नाही. पण केनियात पिवळा ताप आहे. त्यामुळे पुढचं बंदर विचारतं, "तुम्ही कुठून आलात?" बोटीच्या प्रवासात हीच गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. विमानानं जाणारा एका देशात उतरतो आणि परत येतो. बोट मात्र तीन-चार दिवसांत तीन देशांच्या सीमा ओलांडते, आणि प्रत्येक ठिकाणी आधीचं बंदर कोणतं हे बघितलं जातं. शेवटी आपण मुंबईला उतरतो तेव्हा आपलं सरकारही तेच विचारतं. कार्ड नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

लोकांना हा जाच वाटतो. पण त्यामागचं कारण आपल्या पुण्याच्या घराघरांत आहे. पिवळा ताप पसरवणारा डास म्हणजे एडिस इजिप्ती. हा तोच, जो पावसाळ्यात आपल्या गच्चीवरच्या पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत अंडी घालतो आणि डेंग्यू देतो. म्हणजे डास इथे तयार आहे, माणसं दाटीवाटीनं राहतात, नाही तो फक्त विषाणू. तो एका प्रवाशाच्या रक्तातून आला तर काय होईल, या विचारानं आपला देश इतका कडक राहिला आहे. चावा बसल्यापासून ताप यायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात. ते सहा दिवस तिथून आले.

या लशीशी पुण्याचं एक लांबचं नातंही आहे. 17डी नावाची ही लस 1937 साली रॉकफेलर फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत मॅक्स थायलर यांनी तयार केली आणि 1951 साली त्यांना नोबेल मिळालं. त्याच फाउंडेशनच्या साथीनं 1952 साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं. डास-गोचिडींतून येणारे विषाणू शोधणं हे त्याचं पहिलं काम. आज ते राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, म्हणजे आपलं एनआयव्ही, म्हणून सगळ्यांना माहीत आहे.

तर लस एकच, अर्धा मिलिलिटर, दंडावर कातडीखाली. 2016 च्या जुलैपासून तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. पण ते लागू होतं लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून. काका-काकूंकडे सहाच दिवस होते. शिवाय ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारनं मान्यता दिलेल्या केंद्रातच घ्यावी लागते, तरच ते पिवळं कार्ड मिळतं. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून पुष्कळ केंद्रं ठरावीक वारीच बोलावतात. तुमच्या मनातला वार आणि त्यांचा वार जुळेलच असं नाही.

आणखी एक. ही जिवंत, पण कमजोर केलेल्या विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, छातीतल्या थायमस ग्रंथीचा आजार असेल, किंवा कॅन्सरसाठी, संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर ती द्यायची नसते. गरोदरपणात आणि साठीनंतर पहिल्यांदा घेताना नीट विचार करावा लागतो. साठीनंतर गंभीर दुष्परिणाम विरळाच होतात, पण तरुणांपेक्षा जास्त होतात. तेव्हा काकांना मी स्पष्ट सांगितलं, की हा निर्णय घाईत घ्यायचा नाही. लस देता येत नसेल तर डॉक्टर तसं पत्र देतात, पण त्या पत्रानं डास अडत नाही. आणि ते पत्र कोणता देश मानेल, हे तिकीट काढण्याआधीच विचारायला हवं.

बाकीच्या लशींचं थोडक्यात सांगते. फ्लूची लस किमान दोन आठवडे आधी. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं उलटली असतील तर बूस्टर. टायफॉइडचीही बघून घ्यावी. हिपॅटायटिस ए ची काविळ आपल्या पिढीतल्या बहुतेकांना लहानपणी नकळत होऊन गेली. फिल्टरच्या पाण्यावर वाढलेल्या आपल्या मुलांना मात्र ते संरक्षण नाही. मुलं-सुना बरोबर येणार असतील, तर ही लस त्यांच्यासाठी विचारा. निघायच्या सहा आठवडे आधी डॉक्टरकडे गेलात, तर हे सगळं निवांत जमतं.

बोटीवर चढल्यावरचा खरा त्रास नोरोव्हायरसचा. अचानक उलट्या, जुलाब, आणि एकाचे पाचपन्नास व्हायला वेळ लागत नाही. बुफेच्या टेबलावर एकच डाव शेकडो हात धरतात. दारात ठेवलेला सॅनिटायझर या विषाणूवर फारसा चालत नाही. साबण आणि वाहतं पाणीच हवं, वीस सेकंद, नखांच्या कडांपर्यंत. पोट बिघडलं तर लपवू नका, बोटीवरच्या डॉक्टरला सांगा आणि खोलीत थांबा. ओआरएसची पाकिटं घरूनच न्या.

औषधांबद्दल हात जोडून सांगते. बोटीवर चढताना मोठ्या बॅगा काढून घेतात आणि त्या खोलीत पोचायला संध्याकाळ होते. म्हणून ब्लडप्रेशर-मधुमेहाच्या गोळ्या खांद्यावरच्या पिशवीत, मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, आणि आठवडाभराच्या जास्तीच्या. इन्सुलिन तर विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात टाकूच नका, तिथे ते गोठू शकतं. बोट लागण्याची गोळी मळमळ सुरू झाल्यावर नाही, तासभर आधी घ्यायची.

बंदरावर उतरलात की डासांचं मलम लावून, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून फिरा. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मलेरियाही आहे. त्याच्या प्रतिबंधक गोळ्या जाण्याआधी सुरू करून परत आल्यावरही घ्याव्या लागतात, डॉक्सिसायक्लिन असेल तर चार आठवडे. घरी पोचल्यावर लोक त्या हमखास सोडतात.

काका-काकूंनी ती सहल पुढे ढकलली. काही पैसे गेले, काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांच्या तपासण्या झाल्या, आम्ही तिघांनी बसून विचार केला, दोघांनी लस घेतली आणि फेब्रुवारीत ते गेले. परत आल्यावर पाचव्या दिवशी रात्री काकूंचा फोन आला. पहिलंच वाक्य होतं, "डॉक्टर, मला ताप आहे, मी मोम्बासा-झांझिबारहून आलेय, आणि मलेरियाची गोळी एकही चुकवलेली नाही." सकाळी उघडल्या उघडल्या लॅबमध्ये मलेरिया आणि डेंग्यूच्या तपासण्या केल्या. दोन्ही नव्हते. साधा फ्लू निघाला, चार दिवसांत उतरला.

नमस्कार.