सभासदाला मत एकच

नमस्कार श्रोतेहो.

माझे वडील साखर कारखान्याची वार्षिक सभा कधी चुकवत नसत. धुतलेली टोपी, खिशात घडी घातलेला अहवाल. ऊस आमचा दीड एकर. पण शेअर कितीही असोत, सहकारात सभासदाला मत एकच. पन्नास एकरवाल्यालाही तेवढंच. कंपनीत मात्र जितके शेअर तितकी मतं. भांडवल दोन्हीकडे लागतं, नफा-तोटा दोन्हीकडे असतो. मग निर्णय घेताना कोणाला विचारायचं? मला वाटतं, देशोदेशीची भांडवलशाही वेगळी होते ती इथंच.

अमेरिकेत पहिला मान भागधारकाचा. मोठ्या कंपन्या दर तीन महिन्यांनी हिशेब जाहीर करतात आणि सगळ्यांचं लक्ष शेअरच्या भावाकडे. कामगाराला काढायला बहुतेक ठिकाणी कारणही द्यावं लागत नाही. नव्या धंद्याला पैसा तिथं चटकन उभा राहतो, हेही खरंच.

जर्मनीत १९७६ च्या कायद्यानं २००० हून जास्त कामगारांच्या कंपनीत, कारभाऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना मिळाल्या. मतं समसमान पडली तर अध्यक्षाला जादा मत, आणि अध्यक्ष सहसा भागधारकांच्या बाजूचा. तरीही कारखाना बंद करायचा विषय निघतो तेव्हा कामगाराचा माणूस समोर बसलेला असतो. केवढा फरक पडतो त्यानं! जपानच्या मोठ्या कंपन्यांत कायम नोकरांना जन्मभराच्या कामाची हमी असे. कंत्राटी माणूस मात्र बाहेरच.

आपल्या गावच्या सोसायटीचं बी जर्मनीतलंच आहे बरं का. रायफायझेन नावाच्या एका गावप्रमुखानं १८६४ मध्ये हेडेसडॉर्फला शेतकऱ्यांची पतसंस्था काढली. सावकारापासून सुटायचं, तर शेजाऱ्यानं शेजाऱ्याला जामीन राहायचं. तोच विचार १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यातून हिंदुस्थानात आला. इथं पुढं सरकारनं भागभांडवल घातलं, कर्जाची हमी घेतली. संस्था वाढल्या, पण सभासदाचा आवाज त्या मानानं वाढला नाही. याची मला फार खंत आहे.

एका वर्षी ऊसबिल फार थकलं होतं. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे. वडील विचारणार होते. विषय वाचले गेले, ‘मंजूर, मंजूर’ झालं, माईक मागच्या रांगेपर्यंत आलाच नाही. सभेच्या नोटिशीच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेला त्यांचा प्रश्न अजून माझ्याकडे आहे: ‘बिल चौदा दिवसांत का नाही?’