नोव्हेंबरमधला मंगळवार

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर येणारा मंगळवार. अमेरिकेत अध्यक्षपदासाठी मतदान याच दिवशी होते आणि तो ठरवणारा कायदा १८४५ सालचा आहे. तेव्हा बहुसंख्य लोक शेतीवर जगत. नोव्हेंबरपर्यंत पीक घरात आलेले असे, रविवार चर्चचा असे आणि घोडागाडीने मतदानाच्या गावी पोहोचण्यात सोमवार जाई. आज मात्र तो कामाचा दिवस आहे, देशभर सुट्टी नाही, आणि तासावर मजुरी मिळवणाऱ्याला रांगेत उभे राहायचे तर अनेकदा त्या वेळेच्या कमाईवर पाणी सोडावे लागते.

२०२० साली पात्र नागरिकांपैकी सुमारे ६६ टक्क्यांनी मतदान केले. १९०० नंतरचे हे सर्वाधिक प्रमाण, तरीही तिघांमागे एक जण मतदानापासून दूरच राहिला. १९९६ मध्ये तर जेमतेम निम्म्यांनी मत दिले होते. यावरून अमेरिकी माणूस उदासीन आहे, असे सर्रास म्हटले जाते. आम्हाला हा आरोप अन्यायाचा वाटतो.

कारण मतदारयादीत नाव घालून घेण्याचे काम अनेक राज्यांत नागरिकावरच सोपवलेले आहे. घर बदलले की नोंद बदलायची, आणि काही राज्यांत तर ही मुदत मतदानाच्या महिनाभर आधीच संपते. साहजिकच वारंवार घरे बदलणारे तरुण आणि भाडेकरू यादीबाहेर राहतात. मिनेसोटात मात्र १९७४ पासून थेट मतदान केंद्रावर नोंदणी करता येते. पत्त्याचा पुरावा जवळ नसेल, तर त्याच केंद्राचा नोंदणीकृत मतदार असलेला शेजारी सोबत येतो, 'हे इथेच राहतात' असे शपथेवर लिहून देतो, आणि मतपत्रिका हातात पडते. २०२० मध्ये या राज्यात सुमारे ८० टक्के मतदान झाले.

याच्या उलट चित्र एकेकाळी मिसिसिपीत होते. तिथे नोंदणीसाठी राज्यघटनेतल्या कलमाचा अर्थ कारकुनासमोर लिहून द्यावा लागे, आणि तो बरोबर की चूक हे कारकूनच ठरवी. १९६५ पूर्वी तिथल्या कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम सात टक्क्यांची नावे यादीत होती. त्या वर्षी मतदान हक्क कायदा झाला, केंद्र सरकारने पाठवलेले अधिकारी नोंदणीला बसले आणि दोन वर्षांत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास गेले. माणसे तीच होती.

आपल्या मताने काही फरक पडेल का, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. अध्यक्ष ठरतो तो प्रत्येक राज्याच्या वाट्याला आलेल्या निर्वाचक मतांवर. बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्यालाच त्या राज्याची ही सर्व मते मिळतात, त्यामुळे प्रचाराचा पैसा आणि दार ठोठावणारे कार्यकर्ते पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन अशा अटीतटीच्या राज्यांकडे वळतात आणि निकाल गृहीत धरलेल्या राज्यांतल्या मतदाराला कोणी विचारत नाही. २००० साली फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी अध्यक्ष ठरला होता.

मतदानदिनी देशभर सुट्टी द्यावी, अशी विधेयके अमेरिकी काँग्रेसमध्ये अनेकदा मांडली गेली. अद्याप त्यांपैकी एकाचाही कायदा झालेला नाही.