नऊपैकी नऊ जिंकले, तरी घरीच बसले: १९५१ चे डॉन्स

नऊ मॅच खेळले, नऊच्या नऊ जिंकले, आणि सीझन संपल्यावर कॉलेजने फुटबॉलच बंद करून टाकलं. ही गोष्ट १९५१ सालची, युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोच्या टीमची. टीमचं नाव डॉन्स. आणि फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल बरं का, हातात बॉल घेऊन पळायचं, समोरच्याने आडवं पाडायचं, तो.

कॉलेज तसं छोटंच, जेझुइट पाद्र्यांचं, फुटबॉलवर उधळायला पैसा नाही. कोच जो कुहारिच मात्र भयंकर कडक, उन्हाळ्यात कॅम्पला नेऊन पोरांना अक्षरशः पिळून काढायचा. आणि पोरं तरी कसली! जिनो मार्केटी दुसऱ्या महायुद्धात बॅटल ऑफ द बल्जमध्ये लढून आलेला, मशीनगन चालवलेला माणूस, त्याला कोचच्या ओरडण्याचं काय वाटणार. बॉब सेंट क्लेअर ६ फूट ९ इंच, आणि तो मांस कच्चंच खायचा, हे त्याच्याबद्दल सगळीकडे सांगतात ते खरंच आहे. त्याची शाळा केझार स्टेडियमला अगदी लागून, शाळेत असताना त्याच ग्राउंडवर खेळला, मग डॉन्सकडून तिथेच, आणि पुढे प्रोफेशनल झाल्यावर फोर्टीनाइनर्स या सॅन फ्रान्सिस्कोच्याच टीमकडूनही तिथेच.

आणि मग ते दोघं. ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर. मॅटसन मूळचा टेक्सासचा, टोलर टेनेसीतल्या मेम्फिसचा, दोघं आधी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात एकत्र खेळलेले. टीममधले कृष्णवर्णीय खेळाडू हे दोघंच. टोलर लाईनबॅकर, म्हणजे समोरून येणाऱ्याला अडवून पाडणारा, आणि बरोबर खेळलेल्या कित्येकांच्या मते सगळ्यात भारी खेळाडू तोच होता.

टीमच्या प्रसिद्धीचं काम बघायला पीट रोझेल नावाचा एक तरुण होता, नुकताच त्याच कॉलेजातून पास झालेला. पश्चिमेकडच्या छोट्या कॉलेजला पेपरात जागा मिळायची तर न्यूयॉर्कच्या पत्रकारांनी टीम डोळ्याने बघायला हवी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ऑक्टोबरमध्ये टीम तिकडे न्यूयॉर्कच्याच फोर्डहॅम युनिव्हर्सिटीशी खेळायला गेली आणि ती मॅच मॅटसनने खाऊन टाकली. किकऑफ म्हणजे समोरच्यांनी लांबवर मारलेला बॉल, तो झेलायचा आणि अकरा जण अंगावर धावून येत असताना त्यांच्यातून वाट काढत जमेल तेवढं पुढे न्यायचा. पाच-पंचवीस यार्ड गेलात तरी शाबास म्हणतात. मॅटसन एका मॅचमध्ये दोनदा थेट शेवटच्या रेषेपार गेला, म्हणजे टचडाऊन, एकदा ९४ यार्ड आणि एकदा ९०, आणि ग्राउंडच मुळात १०० यार्डांचं! स्कोअर ३२-२६, डॉन्स जिंकले. सीझन संपला तेव्हा मॅटसनचे पळून काढलेले यार्ड होते १,५६६, अख्ख्या देशात सगळ्यात जास्त, आणि टचडाऊन २१.

त्याच ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमात काय झालं तेही सांगायलाच हवं. २० तारखेला ड्रेक युनिव्हर्सिटीचा जॉनी ब्राइट हा कृष्णवर्णीय खेळाडू, त्याच्याकडे बॉलसुद्धा नसताना समोरच्याने त्याच्या तोंडावर मारून त्याचा जबडा फोडला. फोटोग्राफरनी एकापाठोपाठ एक फोटो काढले म्हणून जगाला दिसलं तरी, त्या फोटोंना पुढे पुलित्झर हे पत्रकारितेतलं मोठं पारितोषिक मिळालं. मारणाऱ्यावर मात्र काहीही कारवाई झाली नाही. असं ते वर्ष.

इकडे डॉन्स जिंकतच चालले होते. कॉलेज ऑफ द पॅसिफिकला स्टॉकटनमध्ये जाऊन ४७-१४ ने धुतलं, आणि शेवटची मॅच पॅसाडेनाच्या रोझ बोल स्टेडियममध्ये लोयोलाशी, ती २०-२. झाले नऊ.

तेव्हा सीझननंतर आताच्यासारखे प्लेऑफ वगैरे नव्हते. नवीन वर्षाच्या सुमारास 'बोल' नावाच्या मोठ्या मॅच व्हायच्या, त्यातल्या बऱ्याचशा दक्षिणेत, मायामीत ऑरेंज बोल, न्यू ऑर्लिन्समध्ये शुगर बोल, आणि कोणाला बोलवायचं ते आयोजक ठरवायचे. बोलावणं आलं की कॉलेजला घसघशीत पैसे मिळायचे आणि डॉन्सना त्या पैशांची नुसती गरज नव्हती, फुटबॉल तोट्यात चाललेलं, टीम राहते की जाते हे त्याच्यावरच होतं. आणि दक्षिणेत तर तेव्हा हॉटेलपासून बसमधल्या सीटपर्यंत सगळं गोऱ्यांचं वेगळं, काळ्यांचं वेगळं, कायद्यानेच.

खेळाडूंनी पुढे आयुष्यभर जे सांगितलं ते असं, की ऑरेंज बोलचा निरोप आला होता: या, पण त्या दोघांना, मॅटसन आणि टोलरला, घरी ठेवून या. टीम म्हणाली, नाही. मार्केटी नेहमी सांगायचा की मतदान वगैरे काही झालंच नाही, तसा प्रश्नच कोणाच्या डोक्यात आला नाही. आता ही सगळी पोरं विशीतली, त्यातल्या बहुतेकांना त्याहून मोठी मॅच जन्मात मिळणार नव्हती, कॉलेजचं फुटबॉल बुडणार हे दिसत होतं, आणि तरी बसून चर्चा करावी असंही कोणाला वाटलं नाही. मला या सगळ्यात हेच सगळ्यात मोठं वाटतं, नऊ विजयांपेक्षाही मोठं.

ऑरेंज बोल जॉर्जिया टेक आणि बेलर खेळले. डॉन्स घरी बसले, आणि टीम बंद झाली.

पोरं पुढे कुठे कुठे गेली बघा. त्या टीममधले नऊ जण एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या प्रोफेशनल फुटबॉल लीगमध्ये खेळले, आणि मॅटसन, मार्केटी, सेंट क्लेअर हे तिघं प्रोफेशनल फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत आहेत. मॅटसन तर १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकला गेला, ४०० मीटरमध्ये ब्राँझ आणि रिलेत सिल्व्हर घेऊन आला. प्रसिद्धीवाला रोझेल १९६० मध्ये एनएफएलचा कमिशनर, म्हणजे प्रमुख झाला आणि १९८९ पर्यंत राहिला.

टोलरच्या वाट्याला मात्र ते आलं नाही. १९५२ मध्ये शिकागोला कॉलेज ऑल-स्टार मॅचमध्ये गुडघा गेला आणि एनएफएलचा एक डावही न खेळता सगळं संपलं. तो शिक्षक झाला, सॅन फ्रान्सिस्कोत शाळेचा प्रिन्सिपल झाला, आणि १९६५ मध्ये, रोझेल कमिशनर असताना, एनएफएलमधला पहिला कृष्णवर्णीय पंच झाला. पुढे २५ सीझन त्याने ते काम केलं, शाळा सांभाळून. जानेवारी १९८० मध्ये सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या फायनलमध्ये, पंच म्हणून उभा राहिला, तिथेही पहिलाच, आणि ती मॅच होती पॅसाडेनाच्या रोझ बोल स्टेडियममध्ये, डॉन्स शेवटचं खेळले तिथेच. २००६ मध्ये युनिव्हर्सिटीने १९५१ च्या खेळाडूंना मानद डॉक्टरेट दिली, तेव्हा टोलर होता. तो २००९ मध्ये गेला, मॅटसन २०११ मध्ये.