मूकपटातले माजघर

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर असलेला हा जयकर बंगला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा आहे. भारतात सुमारे १,३०० मूकपट निघाले; त्यांपैकी आज हाती लागतात ते मोजकेच, आणि तेही बरेचसे तुकड्यांत. त्यामुळे पडद्यावरच्या त्या संसारांकडे आपल्याला मुख्यतः छायाचित्रांतूनच पाहावे लागणार आहे.

हा चेहरा नीट पाहा. ही ‘राजा हरिश्चंद्र’मधली राणी तारामती म्हणजे अण्णा साळुंके. १९१३ साली कॅमेऱ्यासमोर उभी राहील अशी स्त्री दादासाहेब फाळके यांना मिळेना. वेश्यावस्तीतही विचारून झाले, आणि शेवटी ग्रँट रोडवरील एका खाणावळीत कामाला असलेला हा नाजूक बांध्याचा तरुण त्यांच्या नजरेस पडला. रंगभूमीवरची नायिका पुरुषच असते, याची मराठी प्रेक्षकाला सवय होतीच. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या, तरी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका पुन्हा साळुंके यांनीच केल्या.

पुढे चित्रपट देवादिकांकडून गृहस्थाच्या घराकडे वळला, तेव्हा पतिव्रता कोणी व्हायचे हा प्रश्न अधिकच अडचणीचा झाला. कलकत्त्याच्या मादन कंपनीने १९२२ साली ‘पतिभक्ती’ काढला. त्यातली एकनिष्ठ पत्नी झाली होती पेशन्स कूपर, जी अँग्लो-इंडियन म्हणून ओळखली जात असे, आणि तिच्या संसारावर सावली धरणारी स्त्री रंगवली सिन्योरिना मानेल्ली या इटालियन अभिनेत्रीने. म्हणजे त्या आदर्श हिंदू घरातली सती आणि त्या घराची वैरीण, या दोघींपैकी एकीचाही जन्म हिंदू घरातला नव्हता.

मुंबईच्या कोहिनूर कंपनीत आलेली ही रुबी मायर्स. पुण्यात जन्मलेली ही ज्यू मुलगी टेलिफोन ऑपरेटर होती. पडद्यावर ती सुलोचना झाली. रेनी स्मिथ सीतादेवी झाली. नाव बदलले की काम भागत असे, कारण चित्रपटाला आवाज नव्हता. बोलणे काय ते मधल्या पाट्यांवर, एकाच वेळी अनेक लिप्यांत छापलेले असे, त्यामुळे नायिकेचे उच्चार कोणाला खटकण्याचा संभवच नव्हता.

आणि ही गोहर. चंदुलाल शहा यांच्या १९२७ च्या ‘गुणसुंदरी’त बोहरा मुसलमान कुटुंबातल्या या अभिनेत्रीने घरकामात बुडालेली हिंदू पत्नी साकारली. नवरा नर्तकीच्या नादी लागतो, तेव्हा ही बाई रडत न बसता स्वतः उंबरठ्याबाहेर पडते आणि त्याची सहचरी होऊ पाहते. तिने घराबाहेर पडावे तेही नवऱ्याला घरी आणण्यासाठीच, हे मात्र आज पाहताना बोचते.

या भूमिकावाटपाकडे सर्वधर्मसमभावाचा दाखला म्हणून बोट दाखवण्याची सोयीस्कर प्रथा आहे. ती आम्हाला मान्य नाही. चेहरे ज्यू, मुसलमान आणि अँग्लो-इंडियन स्त्रियांचे घेतले गेले ते कुलीन घरांना पडद्याचा विटाळ वाटत होता म्हणून. त्या स्त्रियांची स्वतःची घरे, त्यांच्या सासवा, त्यांची देवघरे किंवा प्रार्थनेच्या जागा यांना मात्र या कथांच्या केंद्रस्थानी क्वचितच जागा मिळाली. १९३१ साली बोलपट आला आणि सुलोचनेला काही काळ थांबून हिंदुस्थानी शिकावी लागली.

मूकपटाच्या अखेरच्या वर्षांत त्रिवेंद्रमला ‘विगतकुमारन’ प्रदर्शित झाला. त्यात दलित पुलया समाजातील पी. के. रोझी उच्च मानल्या जाणाऱ्या नायर जातीची स्त्री झाली होती. प्रेक्षकांनी पडद्यावर दगड मारले, तिला गाव सोडावे लागले, आणि ती पुन्हा कधीही चित्रपटात दिसली नाही. त्या चित्रपटाची प्रत उरलेली नाही. म्हणून इथे आपण पाहत आहात तो पडदा रिकामा आहे.