एकच सीसी, दोन इंजिनं: तीन आणि चार सिलिंडरांचा हिशेब

(दृश्य: हेड उतरवलेली दोन इंजिनं शेजारीशेजारी)

ही दोन्ही मारुती सुझुकी स्विफ्टची इंजिनं. डावीकडचं के12एन, चार सिलिंडरांचं. उजवीकडचं झेड12ई, तीन सिलिंडरांचं, 2024च्या मॉडेलपासून आलेलं. सीसी दोन्हींची 1,197च.

(दृश्य: बोअरमध्ये गेज)

बोअर (सिलिंडरचा व्यास) 73 मिलिमीटरचा 74 झाला, म्हणजे जवळपास तोच. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) मात्र 71.5 वरून थेट 92.8 वर गेला. बोअर फार मोठा केला, की ठिणगीपासून भिंतीपर्यंत ज्योतीला लांब जावं लागतं आणि नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी आपोआप पेटून होणारी ठोक, वाढतं. लांब स्ट्रोकने ते टळतं, पण पिस्टनला पळावं लागतं. 6,000 आरपीएमला जुन्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 14.3 मीटर; नव्याचा 18.6 झाला असता. म्हणून नवं इंजिन कमाल ताकद 5,700लाच देतं, सुमारे 82 पीएस. जुनं 6,000ला 90 देत होतं. टॉर्क (फिरवण्याचा जोर) मुख्यतः सीसीवर ठरतो, म्हणून तो 113 वरून 112 न्यूटन मीटर, बस्स.

मिळालं काय? एक पिस्टन, तीन रिंगा, चार व्हॉल्व्ह, एक मेन बेअरिंग कमी. तेवढं घर्षण वाचलं. मॅन्युअल गाडीचं प्रमाणित मायलेज लिटरला 22.38 किलोमीटरवरून 24.80 वर गेलं. सगळं श्रेय सिलिंडरांना नको, बाकी इंजिनही नव्याने आखलेलं आहे.

(दृश्य: चालू इंजिन, माउंटिंगचा क्लोजअप)

खरी किंमत इथे दिसते. चारमध्ये दर 180 अंशांना स्फोट होतो, तीनमध्ये 240ला. आयडलिंग 750 असेल, तर सेकंदाला 25 ऐवजी 19च धक्के, आणि असे संथ धक्के माउंटिंगच्या, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं त्या आधाराच्या, रबराला अडवणं अवघड. शिवाय टोकाचे पिस्टन क्रँकला (पिस्टन फिरवतात त्या दांड्याला) आळीपाळीने वर-खाली झुलवतात. चार सिलिंडरांत हे झुलणं नसतं. तिथे क्रँकच्या दुप्पट गतीची थरथर असते, ती वरच्या आरपीएमला जाणवते.

म्हणून तीन सिलिंडरांच्या गाडीचं स्टिअरिंग सिग्नलला थरथरू लागलं, तर आधी एसी बंद करून फरक बघा. मग प्लगला वीज देणाऱ्या एकेका कॉईलचा कनेक्टर काढा. ज्याने इंजिनचा आवाज बदलत नाही, तो सिलिंडर मिसिंग मारतोय, म्हणजे त्यात इंधन नीट पेटत नाही. प्लग आणि कॉईल तपासा. सगळे सिलिंडर ठीक असतील, तर माउंटिंगचं रबर बघा. तडे गेले असतील, धातूपासून सुटलं असेल, तर माउंटिंग बदलावंच लागतं.